फ्रोझन शोल्डरसाठी फिजिओथेरपी : सात-आठ महिन्यांनंतर

खांदा आता बराच सुटलाय. वेणीफणी माझी मी करते, फडताळातला वरचा डबा काढते, रिक्षात दांडी धरून चढते. हात पाठीमागे नेऊन हुक लावणं तेवढं अजून जमत नाही. सात-आठ महिन्यांच्या फिजिओथेरपीनंतरची ही अवस्था, आणि मी तिला चांगलीच म्हणते. मध्यंतरी उजव्या कुशीवर वळलं तरी झोपेतून कळवळून उठत होते.

वय 52, मधुमेह बरीच वर्षं. हे मुद्दाम सांगते, कारण फ्रोझन शोल्डर, म्हणजे खांदा आखडण्याचं हे दुखणं, चाळिशी ते साठीत येतं, बायकांना जास्त, आणि मधुमेह किंवा थायरॉइड असेल तर आणखी जास्त. सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं आणि आखडतं. आधी नुसतं दुखण्याचे महिने, मग दुखणं कमी पण हात जाम, मग हळूहळू सुटणं. सगळं मिळून साधारण एक ते तीन वर्षं. एवढा हिशोब पहिल्या दिवशी सांगितला तरी माणूस निम्मा सावरतो.

घराजवळच्या ज्या क्लिनिकमध्ये आधी गेले, तिथे मात्र "दहा सिटिंगमध्ये मोकळा होईल" म्हणाले आणि दहाही सिटिंगचे पैसे आगाऊ घेतले. रोज जायचं, पडदा ओढायचा, खांद्याला चार पॅड चिकटवून करंट, मग जेल लावून अल्ट्रासाउंड (सोनोग्राफी नव्हे, ध्वनिलहरींचं उपचाराचं मशीन), की चला घरी. मुंग्या आल्यासारखं बरं वाटायचं. हात होता तिथेच. तो कुणी उचलूनसुद्धा पाहिला नाही.

मग ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी दुसरीकडे, एका फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं. तिथे पहिल्या दिवशी मशीनला हातच लावला नाही. मला बसवलं, कोपर कमरेला चिकटवायला सांगितलं आणि पंजा बाहेरच्या बाजूला वळवायला लावला. "ताई, खांदा उचलू नका, फक्त वळवा." मग प्लास्टिकचा दोन पट्ट्यांचा कोनमापक लावला. डावा हात साठ अंशांच्या पुढे, उजवा जेमतेम पंधरा. त्यांनी स्वतः धरून वळवून पाहिला तरी पंधराच. हीच या दुखण्याची खूण : हात बाहेर वळणं सगळ्यात आधी जातं, आणि दुसऱ्याने वळवला तरी वळत नाही. नुसता स्नायू दुखावला असेल तर दुसऱ्याने उचललेला हात बहुधा वर जातो. तो आकडा वहीत गेला आणि दर पंधरवड्याला पुन्हा मोजला. मधे एक महिना वीसवर अडकला तेव्हा मी रडकुंडीला आले होते. पण अडकलाय हे तरी कळत होतं. पहिल्या ठिकाणी तेही कळलं नसतं.

डॉक्टरांनी सांध्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शनही दिलं. त्याने ठणका उतरला आणि व्यायाम सोसायला लागला. पण साखर चार-पाच दिवस चढीच राहिली. मधुमेह असेल तर इंजेक्शनआधी हे बोलून घ्या आणि ग्लुकोमीटर जवळ ठेवा.

व्यायाम दिसायला अगदी किरकोळ. टेबलावर डावा हात टेकून वाकायचं आणि उजवा सैल सोडून झुलवायचा. भिंतीवर बोटांनी चढत जायचं (आमच्या हॉलच्या भिंतीवर पेन्सिलच्या खुणा अजून आहेत, रंग काढायचा राहिलाय). पाठीवर पडून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने दुखरा बाहेर ढकलायचा. पाठीमागून पंचा ओढायचा, तो सगळ्यात वाईट. आधी गरम पाण्याच्या पिशवीने शेक. मधुमेहाने बधिरपणा आला असेल तर शेक जपून, भाजलेलं कळत नाही. दिवसातून तीनदा, थोडं थोडं. खांदा सुटला तो या घरच्या तीन वेळांनी. क्लिनिकचं काम बघणं, सुधारणं आणि पुढचं शिकवणं.

दुखणार का? हो. मॅडमचा नियम असा : दहापैकी चार-पाचपर्यंत चालेल, आणि तास-दोन तासांत उतरायला हवं. रात्रभर ठणकलं तर दुसऱ्या दिवशी कमी करायचं, बंद नाही. सुरुवातीच्या ठणक्याच्या काळात जबरदस्ती उलटते. आमच्या नात्यातल्या एका काकूंचा आग्रह होता की हाडवैद्याकडे जाऊन एकदा झटका देऊन घे. नमस्कार केला आणि विषय बदलला.

पहिल्या दिवशी एक्स-रे, औषधांची यादी आणि सैल बाह्यांचा, पुढून उघडणारा कपडा न्या. पेसमेकर, शरीरात रॉड-प्लेट, गरोदरपण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, यातलं काहीही असेल तर त्यांनी विचारायची वाट न बघता सांगा. काही मशीन अशांना लावतच नाहीत.

पैशांचं : मी एका सिटिंगला 500 रुपये देत होते. आधी आठवड्यातून तीनदा, मग एकदा, आता महिन्यातून एकदा. ॲडमिट नसल्यामुळे मेडिक्लेममधून काही मिळालं नाही, बहुतेक पॉलिसींत असा ओपीडी खर्च बसतच नाही. मेडिकल कॉलेजच्या फिजिओथेरपी विभागात फार स्वस्त पडतं, पण रांग लावायची तयारी हवी. मॅडमबद्दल तक्रार एकच, पाचची वेळ म्हणजे साडेपाच.

नाव घालण्याआधी फोनवर तीन गोष्टी विचारा : फिजिओथेरपिस्टची राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी आहे का, पहिल्या दिवशी हात मोजून लिहून ठेवता का, आणि पॅकेज न घेता एकेका सिटिंगचे पैसे चालतील का. तिसऱ्या प्रश्नावर आढेवेढे घेतले तर मी तरी दुसरं क्लिनिक बघेन.