एक्सेलमध्ये शेअरचे कॅन्डल चार्ट: दिवाळीपासूनचा अनुभव

ब्रोकरच्या ॲपमध्ये चार्ट फुकट मिळत असताना हा खटाटोप कशाला, असं वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या अर्ध्या ओळखीच्यांनी विचारून झालंय. कारण आमचे मामा. सयाजीगंजात वडोदरा शेअर बाजार होता तेव्हापासून ते आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने भाव मांडतात. तो बाजार 2015 मध्ये बंद झाला, मामांची वही नाही झाली. आता डोळे साथ देत नाहीत, म्हणून मोठ्या कागदावर छापलेला चार्ट हवा असतो. दिवाळीपासून ते काम माझ्याकडे आहे.

भाव आणायला गूगल शीट्स उत्तम. गूगलफायनान्स फंक्शनला शेअरचं चिन्ह, "all" आणि तारखा दिल्या की ओपन, हाय, लो, क्लोज (दिवसाचा सुरुवातीचा, सर्वांत वरचा, सर्वांत खालचा आणि शेवटचा भाव) आणि व्हॉल्यूम (किती शेअरचे सौदे झाले) असे रकाने समोर येतात. कॅन्डल म्हणजे याच चार भावांवरून काढलेला एका दिवसाचा उभा ठोकळा, वर-खाली वातीसारख्या रेघांसह. चार्ट मात्र तिथे काढू नका. तिथल्या कॅन्डलला लो, ओपन, क्लोज, हाय असा उलटासुलटा क्रम लागतो. चुकला तर शीट्स तक्रार करत नाही, भलतंच काढून मोकळं होतं. एक्सेल निदान रकान्यांची संख्या चुकली तर अडवतं आणि योग्य क्रम सांगतं.

एक्सेलमध्ये पहिली गोष्ट, आडवा अक्ष 'डेट'वरून 'टेक्स्ट' करा. नाहीतर दर शनिवार-रविवारी आणि सणासुदीला चार्टला भोकं पडतात. सुट्ट्या गाळणारं सूत्र लिहायच्या फंदात पडू नका, कारण 1 फेब्रुवारी 2025 च्या शनिवारी अर्थसंकल्पासाठी बाजार चालू होता. मुहूर्ताचा सौदा तर लक्ष्मीपूजनाच्या सुट्टीतच होतो.

खरी डोकेदुखी सरासरीच्या रेषेची. मामांना 50 दिवसांची सरासरी हवीच. तिचा रकाना चार्टमध्ये शेवटी जोडला की कॅन्डल बिघडतात, कारण एक्सेल कॅन्डलचं अंग पहिल्या आणि शेवटच्या मालिकेच्या (म्हणजे चार्टमधल्या रकान्याच्या) मधे भरतं. म्हणजे ओपनपासून क्लोजपर्यंत नाही, सरासरीपर्यंत! इंटरनेटवर यावर दुसऱ्या अक्षाचा उपाय सांगतात. तो चालतो, पण दोन्ही अक्षांचे आकडे हाताने जुळवत बसावं लागतं. सोपं म्हणजे क्लोजच्या मालिकेवर ट्रेंडलाइन टाकून 'मूव्हिंग ॲव्हरेज' निवडा, मुदत 50.

व्हॉल्यूमचे खांब कॅन्डलवर चढत असतील तर त्या अक्षाची कमाल मर्यादा चौपट करा, खांब तळाशी बसतात. भावाचा अक्ष शून्यापासून सुरू झाला तर कॅन्डल चपट्या होतात, तिथे किमान आकडा स्वतः भरा.

बोनस (फुकट मिळणारे जादा शेअर) आणि स्प्लिट (एका शेअरचे अनेक छोटे शेअर) तुम्हालाच सांभाळायचे. ऑक्टोबर 2024 मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस दिला, म्हणजे शेअर दुप्पट आणि भाव साधारण निम्मा. एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) मूळ आकड्यांवरून काढलेला चार्ट बघून मामा म्हणाले, "अरे, हा कडा कसला? एवढं काय झालं एका दिवसात?" बोनसआधीचे भाव निम्मे आणि व्हॉल्यूम दुप्पट केल्यावर कडा गेला. ॲपमध्ये हे आपोआप होतं, हे कबूल.

दिवसभर सौदे करणाऱ्यांनी इकडे फिरकूच नये. गूगलचा चालू भावही 20 मिनिटांपर्यंत मागे असू शकतो. आठवड्यातून एकदा बघणाऱ्याला मात्र हे पुरतं. जीएसएफसी आणि अलेम्बिक या आमच्या गावच्या दोन शेअरचे छापील चार्ट मामांच्या टेबलावर असतात. त्यांवर पेन्सिलीच्या रेघा ते अजूनही स्वतःच मारतात.