निर्वासितांच्या दवाखान्यांसाठी बनवलेलं अ‍ॅप मुंबईच्या साइटवर: दिवाळी ते गणपती वापरल्यानंतर

आमच्या ट्रस्टची दवाखान्याची गाडी मानखुर्द, चेंबूर, घाटकोपर या पट्ट्यातल्या बांधकाम साइटवर फिरते. गाडीत डॉक्टर, नर्स, औषधं देणारा एक जण आणि नोंदणीला मी. दिवाळीनंतर आम्ही रजिस्टरं मिटवून टॅबवर आलो. अ‍ॅप ओपन सोर्स आहे, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला, निर्वासितांच्या छावण्यांतले दवाखाने डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं. नाव मुद्दाम देत नाही. छोटी टीम आहे, फुकट देतात, आणि माझ्या निम्म्या तक्रारी या जातीच्या कुठल्याही अ‍ॅपला लागू पडतील.

"आपल्याकडे कुठले निर्वासित?" असं ट्रस्टींनीही विचारलं होतं. पण लेबर कॅम्पमधला माणूस बघा. राहायला पत्र्याची खोली, तीही बिल्डिंग उभी राहीपर्यंत. आधार गावच्या पत्त्याचं, त्याला जोडलेला नंबर कधीच बंद झालेला. पुढच्या महिन्यात मुकादम नेईल तिकडे, ठाणे नाहीतर पनवेल. हॉस्पिटलसाठीची सॉफ्टवेअरं पहिल्याच पानावर नेमकं हेच सगळं मागतात आणि भरल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. आधी आम्ही तसलं एक वापरलं होतं. शेवटी शेवटी सगळे पेशंट आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर राहत होते.

हे अ‍ॅप नाव आणि अंदाजे वय एवढ्यावर पुढे जातं. नेट लागत नाही. नोंदी टॅबमध्येच राहतात आणि संध्याकाळी ऑफिसच्या वायफायवर सर्व्हरला जातात. पार्किंगच्या खालच्या तळघरात शिबिर लावलं तेव्हाही काम अडलं नाही. फॉर्म आपले आपल्याला बदलता येतात. 'छावणी'च्या जागी आम्ही 'साइट' केलं, 'मूळ देश' काढून 'जिल्हा-तालुका' टाकलं.

खरी परीक्षा पेशंट दुसऱ्यांदा येतो तेव्हा. कलबुर्गी, विजयपुराकडच्या तांड्यांवरून आलेली माणसं एका कॅम्पात असली की अर्धा कॅम्प राठोड, उरलेला चव्हाण आणि पवार. त्यात तिशीच्या आसपासच्या शांताबाई तीन-चार तरी निघतातच. मी 'शांताबाई' लिहिते, नर्स 'शांता' लिहिते, आणि अ‍ॅपचा शोध अक्षराला अक्षर जुळवत बसतो. नाही सापडलं की घाईत नवी नोंद. मग एकाच बाईचं बीपी एका नोंदीत, शुगर दुसरीत, आणि डॉक्टर विचारतात, गोळ्या कधी चालू केल्या? दोन नोंदी एकत्र करायची सोयच नाही. कागद न मागण्याचा मोठेपणा असा इथे महागात पडतो, कारण ओळख पटवायला हाताशी काही उरत नाही.

त्यावर उपाय नर्सने सुचवला: फॉर्ममध्ये मुकादमाचं नाव हा रकाना वाढवायचा. फोन नंबर बदलतो, साइट बदलते, पण कुणाच्या टोळीत आहेस याचं उत्तर प्रत्येकाकडे असतं. आता आधी मुकादम, मग तांडा, मग नाव असं शोधतो. डबल नोंदी बंद झाल्या नाहीत, पण पुष्कळ कमी झाल्या.

जन्मतारखेचा घोळ वेगळाच. वय अंदाजे टाकलं की अ‍ॅप 1 जानेवारी धरतं. निर्वासितांच्या कागदोपत्री जगात हे नेहमीचंच, तिथे 1 जानेवारीला जन्मलेली माणसं ढिगाने भेटतात. मोठ्यांना फरक पडत नाही. पण ऑक्टोबरात जन्मलेलं पोर 1 जानेवारीचं धरलं की ते नऊ महिन्यांनी मोठं होतं, आणि वयाच्या मानाने वजन बघायच्या तक्त्यावर धडधाकट पोर कुपोषित दिसतं. म्हणून दोन वर्षांखालच्या पोरांसाठी मी आईला विचारते, पोळ्याच्या आधी की नंतर? दिवाळीत पोटात होतं का मांडीवर? महिना बहुतेक वेळा निघतो.

सगळ्यात गंभीर दोष सिंकचा, म्हणजे टॅबमधल्या नोंदी सर्व्हरशी जुळवण्याचा. दोन टॅबवर एकाच पेशंटची नोंद बदलली, तर जी शेवटी सर्व्हरला पोहोचते ती राहते आणि आधीची पुसली जाते, काही न सांगता. एकदा डॉक्टरांनी बदललेला बीपीच्या गोळीचा डोस असा गायब झाला. कागदी केसपेपर हातात होता म्हणून कळलं. तेव्हापासून एका साइटवर औषधांची नोंद एकाच टॅबवर.

गरोदर बायकांच्या बाबतीत हे अ‍ॅप अपुरं आहे. सातव्या महिन्यात बाई माहेरी निघते, तिचा रेकॉर्ड आमच्या टॅबमध्ये आणि ती बसमध्ये. पॅलेस्टिनी निर्वासितांचे दवाखाने चालवणाऱ्या 'उनर्वा'ने 2017 साली जॉर्डनमध्ये आईच्या स्वतःच्या मोबाइलवर माहिती देणारं अ‍ॅप सुरू केलं. तसं इथे काही नाही. त्यामुळे माता-बाल संरक्षण कार्ड आम्ही अजून हाताने भरतो, आणि भरत राहणार.

सरकारी पोर्टलांशी जोडणी शून्य. सरकारी आरोग्य खात्याचा 14 आकडी आभा नंबर नुसता टाइप करून ठेवता येतो. टीबीच्या पेशंटची माहिती निक्षय या टीबीच्या सरकारी पोर्टलवर पुन्हा भरावी लागते, म्हणजे दुप्पट काम. दुसरीकडे, बाहेर काही जात नाही याचाच लोकांना आधार वाटतो. टॅब काढला की "ये पुलिस को जाएगा क्या?" हा प्रश्न येतोच, आणि तो वेडगळ नाही. म्यानमारमधून पळून आलेल्या रोहिंग्या निर्वासितांची माहिती बांगलादेशाने म्यानमारलाच दिली, आणि ती गोळा करण्यात संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्थाही होती, असं ह्युमन राइट्स वॉचने 2021 साली मांडलं होतं. संमती घेतली होती, असं त्या संस्थेचं म्हणणं. आमच्या अ‍ॅपमध्ये फोटो आणि आधार दोन्ही सक्तीचे नाहीत, टॅबला पासवर्ड आहे. कोण काय बघू शकतं हे मात्र नीट ठरवता येत नाही. औषधं देणाऱ्यालाही सगळं दिसतं, अगदी गर्भपाताची नोंदसुद्धा. मला हे पटत नाही.

बारीकसारीक: पावसात ओल्या बोटाला टॅब दाद देत नाही, फडकं जवळ ठेवा. अ‍ॅप फुकट असलं तरी सर्व्हरचं भाडं लागतं, आणि अडलं तर फोन करायला तांत्रिक माणूस लागतो.

एका जागी बसलेला, लॅब आणि वॉर्ड असलेला दवाखाना असेल तर 'बहमनी' ही हॉस्पिटलसाठीची ओपन सोर्स प्रणाली बघा. छत्तीसगडमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यातून ती पुढे आली आणि पुढे एमएसएफच्या (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) जॉर्डनमधल्या अम्मानच्या हॉस्पिटलातही वापरली गेली. पसारा मोठा आहे, गाडीत मावणारा नाही. आमच्यासारख्या फिरत्या गाडीला मी आमचं हेच अ‍ॅप सुचवेन, पाचपैकी साडेतीन. कागदी केसपेपर मात्र सिंकचं दुरुस्त होईपर्यंत टाकू नका.