आजवा की सिंधरोट: बडोद्याहून सकाळची सायकल कुठे न्यावी?

दांडिया बाजार, रावपुरा भागातून पहाटे निघून नाश्त्याला घरी परतायचं असेल, तर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोनच रस्ते येतात. पश्चिमेला अकोटा, गोत्री, सेवासीवरून मही नदीकाठचं सिंधरोट, नाहीतर पूर्वेला पाणीगेट, आजवा चोकडीवरून (चौकावरून) आजवा सरोवर. सिंधरोट जाऊन-येऊन पस्तीसेक किलोमीटर होतं, आजवा चाळीसच्या थोडं पुढे. चढ दोन्हीकडे नावापुरताच.

नुसत्या देखाव्यावर ठरवायचं तर सिंधरोट पुढे आहे, हे मान्य करायला हवं. वाटेत सेवासीची 1543 सालची विद्याधर वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. तिथे पाच मिनिटं थांबाच, पायऱ्यांवरून खाली डोकावल्याशिवाय तिच्या खोलीचा अंदाज येत नाही. पुढे तुरीची आणि एरंडाची शेतं लागतात, आणि शेवटी गाळाच्या जमिनीत पाण्याने कापलेल्या महीच्या घळी. उंच काठावरून नदीचं पात्र एकदम समोर येतं. पाण्यात मात्र उतरू नका. तळ अचानक खोल जातो, आणि महीत मगरी आहेत.

आजव्याचा रस्ता सावकाश रंगात येतो. शहराचा पसारा हायवे ओलांडेपर्यंत संपत नाही, आणि चोकडीवर ट्रकांची धूळ खावी लागते. पण पावसाळा सरल्यावर हवा स्वच्छ असली की पुढे डावीकडे पावागड दिसू लागतो आणि मग बराच वेळ सोबत करतो. तिसऱ्या सयाजीरावांनी बांधलेलं हे सरोवर 1890च्या दशकापासून शहराला पाणी देतं. ते पाणी निमेट्याच्या जलशुद्धीकरण केंद्राहून उताराने शहराकडे येतं, म्हणजे परतताना आपणही किंचित उतारावरच असतो. मातीचा बांध लांबलचक असल्याने पाणी रस्त्यावरून दिसत नाही, आणि बांधावर सायकल नेऊ देतीलच असंही नाही. रविवारी दहानंतर सहलीच्या गाड्या वाढतात, तेव्हा त्याआधीच परत फिरावं.

माझा कौल ठरवला तो वेड्या बाभळीच्या काट्याने. महीच्या घळींलगत ही बाभूळ माजली आहे. तिच्याच फांद्या तोडून शेतांना कुंपण घालतात आणि त्या ओढून नेताना काटे डांबराच्या कडेला सांडतात. मागून डंपर आला की सायकलवाला नेमका त्याच कडेला सरकतो. काटा टायरमध्ये शिरून मोडतो, बाहेरून दिसत नाही. हवा हळूहळू जाते आणि चाक बसलेलं दुसऱ्या दिवशी कळतं. अशा वेळी नुसती ट्यूब बदलून भागत नाही. टायर काढण्याआधी व्हॉल्व्हसमोर टायरवर खडूने खूण करा. ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधा, व्हॉल्व्हपासूनचं त्याचं अंतर टायरवर मोजा आणि तेवढ्या भागात आतून जुन्या सुती कापडाचा बोळा फिरवा. मोडकं टोक असेल तिथे धागे अडकतात. ते चिमट्याने आतल्या बाजूला ओढून काढा, बाहेरून टोकरलं तर आणखी खोल जातं. टोक राहिलं तर नवी ट्यूबही किलोमीटरभरात बसते. पॅच लावताना सोल्युशन हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबा. ओल्यावर दाबलेला पॅच टिकत नाही.

काटा आजव्याकडेही लागतो, पण माझ्या अनुभवात क्वचित. कदाचित कडेची पट्टी तिकडे मोकळी असते म्हणून असेल. दुसऱ्या कोणाचा अनुभव वेगळा असू शकतो.

वाऱ्याचा हिशोब मात्र आजव्याच्या विरुद्ध जातो. मे ते ऑगस्ट वारा नैऋत्येकडून असतो, त्यामुळे आजव्याहून परतताना, पाय दमलेले असताना, तो तोंडावर येतो. सिंधरोटला उलट: जाताना झुंजावं लागतं आणि येताना तोच वारा घरी ढकलतो. पहाटे वारा पडलेला असतो, म्हणून त्या महिन्यांत आजव्याला साडेपाचलाच निघावं. हिवाळ्यात वारा उत्तर-ईशान्येचा, तेव्हा आजव्याची परतीची वाट सुखाची. कोवळं ऊन जाताना डोळ्यांत येतं, मागच्या ड्रायव्हरच्याही डोळ्यांत. तेव्हा मागचा लाल दिवा उजाडल्यावरही चालू ठेवा.

नियमित सरावासाठी मी आजवा सुचवेन. एकदा हे अंतर सहज होऊ लागलं, की त्याच दिशेने हालोल गाठून 2004 साली जागतिक वारशात गेलेल्या चांपानेरपर्यंत जाता येतं. एका बाजूने साधारण पन्नास किलोमीटर. सिंधरोटकडून पुढे इतकं सरळ काही हाताशी लागत नाही.

घरी पाहुणे आले असतील, किंवा पहिल्या पावसानंतर नदी पाहायचीच असेल, तर सिंधरोटला जरूर जा. फक्त टायर 32 मिलिमीटरचं असू द्या, आत लायनर (टायर आणि ट्यूबमधली संरक्षक पट्टी) घाला, हवा 60 पीएसआयच्या आसपास ठेवा, आणि पिशवीत दोन ट्यूबा, चिमटा नि खडू टाका. सेवासीच्या पुढे दर दोन-तीन किलोमीटरला थांबून टायरवरून नजर फिरवा. वरवर रुतलेला काटा तेव्हाच निघतो.