खळ्यातली एकच रात्र: ‘ईव्हिल डेड’ लावायचा की ‘ब्लेअर विच’?

“काका, एकच रात आसा. खंयचो लावया?”

पुतण्याचा मुंबईहून फोन. मे महिन्यात तो आणि त्याचे मित्र, असे दहा-बाराजण घरी येतायत. छोटा प्रोजेक्टर त्याच्याकडे आहे. खळं सारवलेलं असेलच. दोन माडांच्या मध्ये पांढरी चादर बांधायची आणि कमी पैशात काढलेला, पण वर्षानुवर्षं लोकांनी डोक्यावर घेतलेला एखादा भयपट बघायचा. त्याच्या मनात दोनच नावं आहेत: ‘द ईव्हिल डेड’ (१९८१) आणि ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ (१९९९).

मी लगेच उत्तर दिलं नाही. वरवर पाहता दोन्ही सख्खे भाऊ वाटतात. रान, रानात अडकलेली पोरं, नवखे दिग्दर्शक आणि रिकामे खिसे. पण पैसे नाहीत म्हणून त्यांनी काय केलं, तिथे दोघांच्या वाटा फुटतात. आपल्या खळ्यात कुठला चालेल, हेही त्यावरच ठरतं.

‘ईव्हिल डेड’ काढायला घेतला तेव्हा दिग्दर्शक सॅम रायमी वीस वर्षांचा होता. आधी त्याने ‘विदिन द वूड्स’ नावाचा छोटा चित्रपट केला, तो दाखवून लोकांकडून पैसे गोळा केले आणि मित्रांना घेऊन टेनेसी राज्यात मॉरिसटाउनजवळच्या एका पडक्या लाकडी घरात थंडीचे दिवस काढले. कॅमेरा अलगद सरकवणारी महागडी यंत्रं परवडणारी नव्हती. मग फळीला कॅमेरा बांधला, दोघांनी दोन टोकं धरली आणि रानातून धावत सुटले. पडद्यावर जे दिसतं ते आजही अंगावर येतं. काहीतरी गुडघाभर उंचीवरून, पालापाचोळा तुडवत, घराच्या दिशेने सुसाट येतंय. काय ते शेवटपर्यंत कळत नाही. पुढे घरात शिरल्यावर मात्र हा चित्रपट काही म्हणजे काही झाकत नाही. रक्त, पू, तुटलेले हात, किंचाळ्या. सगळं भडक, सगळं मोठ्या आवाजात.

‘ब्लेअर विच’वाल्या डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ यांनी नेमकं उलटं केलं. तीन नटांच्या हातात कॅमेरे दिले आणि त्यांना मेरीलँडच्या रानात सोडलं. आठ दिवस. चित्रण नटांनीच करायचं, संवाद जागच्या जागी सुचतील ते बोलायचे. दिग्दर्शक दिसणार नाहीत, पुढच्या सूचनांच्या चिठ्ठ्या वाटेत ठेवलेल्या मिळतील. खायला दिवसेंदिवस कमी देत गेले आणि रात्री तंबूबाहेर आवाज केले. त्यामुळे त्या तिघांची चिडचिड, थकवा आणि बरीचशी भीती खरी आहे. सुमारे वीस तासांच्या चित्रणातून ८१ मिनिटं उरली आणि जगभरात त्याने जवळपास २५ कोटी डॉलरचा गल्ला केला. यात भूत एकदाही दिसत नाही. दगडांचे ढीग दिसतात, काटक्यांच्या बाहुल्या झाडांना टांगलेल्या दिसतात, बाकी सगळं ऐकायचं.

हे “ऐकायचं” प्रकरण मला कोकणातच नीट कळलं. मी तो पहिल्यांदा गावी लावला तो जुलैत. पडवीवर पत्रा, पत्र्यावर पाऊस. चित्रपटात तंबूबाहेर काटकी मोडते, लांबून पोरांचे आवाज येतात, आणि आम्हाला त्यातलं काहीही ऐकू आलं नाही. उरलं काय, तर हलणारा कॅमेरा आणि आपसात भांडणारी तीन माणसं. निम्मे लोक अर्ध्या तासात झोपले, आणि मी त्यांना दोष देत नाही.

तोच चित्रपट डिसेंबरात पुन्हा लावला. वारा पडलेला. पोफळीच्या बागेत दव ठिबकत होतं. बघायला आम्ही तिघंच होतो: मी, एक मित्र आणि शेजारच्या मावशी. मावशींना इंग्रजी येत नाही, मित्र मध्येमध्ये दोन शब्दांत सांगत होता. तासाभराने मागच्या बाजूला माडाची झावळ पडली आणि तिघांच्याही हातातल्या वाट्या खाली आल्या. संपल्यावर मावशी म्हणाल्या, “भूत खंय दिसलांच नाय, तरी भिती वाटली.” त्या रात्री सोबतीला कोणीतरी यावं म्हणून त्या दारात थांबून राहिल्या. ज्या बाईने लहानपणापासून देवचाराच्या, चकव्याच्या गोष्टी ऐकल्यात, रानात वाट चुकून पुन्हा त्याच ओहोळावर येणं म्हणजे काय हे जिला सांगावं लागत नाही, तिला हा चित्रपट थेट कळला. चित्रपटातल्या त्या तिघांना तर दिवसभर चालून त्याच ओंडक्यापाशी परत यावं लागतं. आपल्याकडे त्याला चकवा म्हणतात, एवढाच फरक.

म्हणून पुतण्याला माझं उत्तर: दहा-बाराजण असतील तर ‘ईव्हिल डेड’. ‘ब्लेअर विच’ घोळक्यात मरतो. एकाने जरी “काय दिसत नाय रे” म्हटलं की धागा तुटला. ‘ईव्हिल डेड’ घोळक्यात वाढतो. कोणी ओरडतं, कोणी डोळे झाकतं, कोणी पडद्यावरच्या नायकाला, ॲशला, ओरडून सांगतं की तळघरात जाऊ नको. दोघं-तिघं असाल, रात्र शांत असेल आणि मोबाइल घरात ठेवायची तयारी असेल, तरच ‘ब्लेअर विच’. आणि तो पावसाळ्यात नको, कार्तिक-मार्गशीर्षात.

‘ईव्हिल डेड’बद्दल एक गोष्ट मात्र आधी सांगायलाच हवी. पूर्वार्धात रानातली झाडं एका मुलीवर अत्याचार करतात असा प्रसंग आहे. मला तो तेव्हाही नको वाटला होता, आजही वाटतो. कथेला त्याची गरज नव्हती. पुतण्याला मी सांगितलंय की सगळ्यांना आधी कल्पना दे, कोणाला नको असेल तर तेवढा भाग पुढे ढकल. पोरंसोरं जागी असतील तर हा चित्रपट नाहीच. त्यांच्यासाठी ‘झपाटलेला’ (१९९३) आहे. रामदास पाध्यांचा बाहुला आणि लक्ष्याची धांदल बघून आमच्या घरातली तिसरी पिढी आता रात्री पांघरूण डोक्यावर घेते.

आता समजा पाऊसच आहे. गणपतीला सगळे जमलेत, विसर्जन झालंय, बाहेर धो धो चाललंय आणि बसायचं माजघरात. तेव्हा वरचे दोन्ही बाजूला ठेवा आणि जॉर्ज रोमेरोचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ (१९६८) लावा. हा माझा सगळ्यात लाडका, हे लपवत नाही. कृष्णधवल, सव्वा लाख डॉलरच्याही आतला, रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप. आज ज्याला झोंबीपट म्हणतात ती सगळी परंपरा इथून सुरू झाली, पण चित्रपटात झोंबी हा शब्द एकदाही येत नाही. कथा एवढीच: शेतातलं एक घर, बाहेर मेलेली माणसं, आत सात जिवंत. दारं-खिडक्यांवर फळ्या ठोकायच्या. आपल्या घरांत बसून हे बघताना एक वेगळीच अस्वस्थता येते, कारण आपली घरं बंद होण्यासाठी बांधलेलीच नाहीत. पुढे पडवी, मागे पडवी, न्हाणीघराचं दार वेगळं, गोठ्याकडचं वेगळं. मी दर वेळी मनातल्या मनात आमच्या घराची दारं मोजतो.

पण खरी भीती आतल्या सात जणांची आहे. तळघरात लपायचं की वरच राहायचं, यावरून ते जे भांडतात ते बघताना आपल्याच सामायिक घराच्या वाटण्या आठवतात. नायक बेन, म्हणजे ड्वेन जोन्स, कृष्णवर्णीय. १९६८ सालच्या अमेरिकेत अशा भूमिकेत कृष्णवर्णीय नट सहसा नसायचा. शेवट सांगत नाही. पहिल्यांदा बघितला तेव्हा मी दिवा लावायला उठलो आणि तसाच उभा राहिलो. आणखी एक सोय: ऐनवेळी नाव बदलताना वितरकाकडून कॉपीराइटची सूचना गळली आणि त्यामुळे अमेरिकेत हा चित्रपट सगळ्यांसाठी खुला झाला. चांगली प्रत नेटवर सरळ मार्गाने मिळते, चोरीची शोधायला नको.

एकट्याने बघायचाय? तर ‘कार्निव्हल ऑफ सोल्स’ (१९६२) आणि ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ (२००७) यातून निवडा. दुसरा ओरेन पेलीने स्वतःच्या घरात १५,००० डॉलरमध्ये काढला. पलंगाकडे तोंड करून ठेवलेला कॅमेरा आणि हळूच हलणारं दार. पहिल्यांदा दचकवतो, दुसऱ्यांदा नाही. ‘कार्निव्हल’ मी चार वेळा पाहिलाय. हर्क हार्वी एरवी शाळांसाठी आणि कारखान्यांसाठी माहितीपट करायचा. युटातल्या खाऱ्या सरोवराकाठी ओस पडलेला एक जुना जलसामंडप त्याला दिसला आणि त्या एका जागेसाठी त्याने आयुष्यातला एकमेव कथापट काढला. अख्ख्या चित्रपटभर ऑर्गन वाजत राहतो. ज्याने संध्याकाळी ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात जुना पडाव रुतलेला पाहिलाय, त्याला तो मंडप ओळखीचा वाटेल.

आपल्याकडचं काही हवं असेल तर रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) की विशाल फुरियाचा ‘लपाछपी’ (२०१७)? रामसेंचं घर हेच युनिट होतं, एक भाऊ कॅमेऱ्यावर, एक ध्वनीवर, एक लेखनावर. सामरी नावाचा राक्षस झालेला अजय अग्रवाल पहिल्यांदा समोर येतो तेव्हा आजही पोटात गोळा येतो. पण मध्ये गाणी आहेत, जगदीपचं ‘शोले’च्या धर्तीवरचं लांबलचक विनोदी उपकथानक आहे. जागरणाला, गप्पा मारत, मध्ये चहा करायला उठत बघायचा तर हा उत्तम. ‘लपाछपी’ तसं उठू देत नाही. पूजा सावंतची गरोदर नेहा उसाच्या फडात धावते, भर दिवसा, लख्ख उन्हात, आणि वाट सापडत नाही. आमच्या किनाऱ्यावर उसाचे फड नाहीत, तरी ती हिरवी भिंत कळते. स्त्रीभ्रूणहत्येवरचा हा चित्रपट भुतापेक्षा माणसांची भीती घालतो. घरात कोणी बाळंतपणाला आलेली असेल तर मात्र लावू नका.

‘तुंबाड’ (२०१८) का नाही, असं कोणीतरी विचारणारच. नाव खेड तालुक्यातल्या गावाचं, पाऊस आपला, वाडा आपल्या ओळखीचा. पण तो चादरीवर बघायचा चित्रपट नाही. त्यातला अंधार इतका विचारपूर्वक रचलेला आहे की छोट्या प्रोजेक्टरवर निम्मा हरवतो. २०२४ मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला, ते योग्यच झालं.

आणि ज्यांचं हे सगळं बघून झालंय त्यांना शिनइचिरो उएदाचा जपानी ‘वन कट ऑफ द डेड’ (२०१७). तीस लाख येनमध्ये केलेला. पहिली ३७ मिनिटं एकाच शॉटमध्ये आहेत आणि फारशी जमलेली वाटत नाहीत. उठू नका. त्याहून जास्त सांगितलं तर तुमचं नुकसान होईल.

पुतण्याला शेवटी एवढंच सांगितलं: स्पीकर चादरीखाली ठेवू नकोस. एक पडद्याजवळ राहू दे, दुसरा लांब वायर लावून लोकांच्या पाठीमागे, विहिरीच्या कठड्यावर ठेव, आणि तो तिथे आहे हे कोणाला सांगू नकोस.