मुंबई-न्यूयॉर्क किती तास? या ॲपच्या भरवशावर राहू नका (५ पैकी २ स्टार)

आईला पहिल्यांदाच मुलीकडे न्यूयॉर्कला घेऊन जायचं होतं म्हणून विमानाचं अंतर नि वेळ दाखवणारं एक फुकटचं ॲप टाकलं. अंतर बरोबर दाखवतं, साधारण १२,५०० किमी, त्याबद्दल तक्रार नाही. पण वेळ? जाता-येता दोन्हीकडे पावणेपंधरा तास! म्हणजे विमानाचा वेग ताशी ८५० किमी धरून अंतराला त्याने भागलं की झालं काम. अरे बाबा वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारं वाहतं ना, जाताना ते समोरून येतं, आम्हाला थेट विमानाने जाताना १६ तास लागले आणि येताना साडेचौदाच्या आत मुंबई. आईच्या बीपीच्या गोळ्यांचं टाइमटेबल मी ॲपवरून लावलेलं, सगळं कोलमडलं. वर घड्याळातला फरक बारा महिने साडेदहा तासच धरतंय, उन्हाळ्यात तिकडे घड्याळ पुढे करतात तेव्हा साडेनऊ होतो हे त्याच्या गावीच नाही.

एक मात्र भारी, नकाशातली विमानाच्या मार्गाची वाकडी रेघ. आई म्हणे "अगं हे वर उत्तरेला कुठे चाललंय?" मग संत्र्यावर दोरा ताणून दाखवला, गोल पृथ्वीवर सगळ्यात जवळची वाट अशी उत्तरेकडून जाते हे पटकन कळलं तिला. दोन स्टार त्या रेघेचेच.