झिरकोनियावर रेझिन धरवायचं कसं: सँडब्लास्टिंग, सिलिकाचा लेप की नुसता प्रायमर?

तयार केलेला दात पुरेसा उंच असेल, भिंती फार निमुळत्या नसतील, तर झिरकोनियाचा (पांढऱ्या, कणखर सिरॅमिकचा) क्राउन, म्हणजे दातावरची टोपी, रेझिन-मॉडिफाइड ग्लास आयोनोमर या साध्या सिमेंटवरही छान टिकतो. तिथे रेझिन सिमेंट कसं धरवायचं या चर्चेत पडायची गरज नाही. प्रश्न येतो तो बुटक्या दाढेवर, आणि सगळ्यात जास्त एका पंखाच्या ब्रिजवर. समजा वरचा लॅटरल (मधल्या दाताशेजारचा पुढचा दात) नाही, शेजारच्या एकाच दाताच्या मागे झिरकोनियाचा पातळ पंख चिकटवलाय. तिथे पकड म्हणजे फक्त बाँड.

लिथियम डायसिलिकेटची (काचेचा अंश असलेल्या सिरॅमिकची) सवय झालेला हात हायड्रोफ्लोरिक ॲसिडकडे जातो. इथे त्याचा उपयोग नाही. ते ॲसिड काच विरघळवतं आणि झिरकोनियात काचेचा अंशच नसतो. नुसतं सायलेन (सिलिका आणि रेझिन यांना जोडणारं रसायन) हेही त्याच कारणाने लंगडं पडतं, कारण त्याला धरायला सिलिका लागते.

उरतात खरे दोन पर्याय. पहिला: ५० मायक्रॉन ॲल्युमिनाने सँडब्लास्टिंग (हवेच्या दाबाने कण मारून पृष्ठभाग खरबरीत करणं) आणि त्यावर एमडीपी (फॉस्फेट गट असलेला मोनोमर) असलेला प्रायमर, म्हणजे सिमेंटआधी लावायचा द्रव. एमडीपीचा फॉस्फेट गट झिरकोनियाच्या ऑक्साइडशी रासायनिक बंध करतो, दुसरं टोक रेझिनशी जोडलं जातं. दुसरा: कोजेटसारखी पद्धत. यात सिलिकाचा थर असलेले ३० मायक्रॉनचे कण मारतात, आदळताना सिलिका पृष्ठभागावर बसते आणि मग सायलेन काम करतं.

सुरुवातीची ताकद दोन्हींची चांगली येते. फरक पडतो तो पाण्यात आणि तापमानाच्या चढउतारात ठेवल्यावर. जर्मनीतल्या केर्न आणि वेगनर यांनी १९९८ साली नमुने १५० दिवस साठवून, ३७,५०० थर्मल चक्रांतून (थंड-गरम पाण्यात आलटून-पालटून बुडवून) काढून पाहिले. सिलिका-लेपावर साधं बिस-जीएमए सिमेंट (फॉस्फेट मोनोमर नसलेलं रेझिन सिमेंट) वापरलेले बाँड लक्षणीय उतरले; सँडब्लास्टिंगवर फॉस्फेट मोनोमरचं सिमेंट टिकलं. आज सिलिका-लेपावरही एमडीपी असलेला प्रायमर लावता येतो, त्यामुळे ती पद्धत बाद ठरत नाही. पण वेगळी पावडर आणायची, ताजं सायलेन सांभाळायचं, एवढ्या खटाटोपाच्या मानाने जास्तीचं काही हाती लागत नाही, असं माझं मत आहे.

ब्लास्टिंग टाळून नुसता प्रायमर लावायचा मोह होतो, विशेषतः ‘युनिव्हर्सल’ (अनेक पृष्ठभागांना चालणाऱ्या प्रायमरची) बाटली हाताशी असली की. उंच क्राउनला चालून जाईल. पंखाच्या ब्रिजला मुळीच नको: न घासलेल्या पृष्ठभागावरचा बाँड पाण्यात राहून घसरतो. ब्लास्टिंगऐवजी लेझरने पृष्ठभाग खरबरीत करण्याचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत आणि उष्णतेने बारीक तडे जाऊ शकतात. या एका कामासाठी लेझर घेऊ नका.

ब्लास्टिंगने झिरकोनिया कमकुवत होतो का? जोर बेताचा ठेवला तर 3वाय (कमी यिट्रिया असलेल्या) प्रकाराला सहसा धोका नाही. १ ते २ बार, नोझल साधारण १ सेंटीमीटरवर, सतत हलतं. समोरच्या दातांसाठी वापरतात त्या पारदर्शक 5वाय (जास्त यिट्रिया असलेल्या) झिरकोनियात मात्र स्फटिकरचना बदलून तडा रोखण्याची क्षमता फारशी नसते, तिथे दाब खालच्याच टोकाला ठेवावा. आतल्या बाजूला मार्करने हलका रंग द्या आणि रंग पूर्ण जाईपर्यंत मारा. कोपरा राहिला तर लगेच दिसतो.

आता सगळ्यात जास्त बाँड जिथे वाया जातात ती जागा: ट्राय-इन, म्हणजे चिकटवण्याआधी तोंडात बसवून पाहणं. लॅबने ब्लास्ट करून पाठवलेला क्राउन तोंडात बसवून पाहिला की लाळेतले फॉस्फेट झिरकोनियावर जाऊन बसतात आणि एमडीपीला जागाच उरत नाही. सवयीने फॉस्फोरिक ॲसिडने साफ करू नका, ते स्वतःच फॉस्फेट सोडतं. पाण्याने धुऊनही भागत नाही. इव्होक्लीनसारखं क्लीनर वापरा. क्लिनिकमध्ये छोटा ब्लास्टर असेल तर त्याहून बरं: ट्राय-इन आधी उरका, मग ब्लास्ट, लगेच प्रायमर, लगेच सिमेंट. हातात मर्यादित पैसे असतील तर ते या ब्लास्टरवर आणि एमडीपीच्या एका चांगल्या बाटलीवर घाला.