‘रेडी हॉस्टेल सेटअप’ घेताय? आमचे ५०,००० कसे गेले ते आधी वाचा

आकडा आधीच सांगून टाकते: पन्नास हजार. त्यातले ४६,५०० विकणाऱ्याने नेले. उरलेले ३,५०० नेले ते ‘तुम्हाला यातून सोडवतो’ म्हणणाऱ्या दुसऱ्याच माणसाने. धाकटा भाऊ इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहतो. मी नोकरी करते. पैसे माझे होते, त्यामुळे चिडायचा हक्कही माझाच.

हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली होती. ‘पास-आउट सीनियर, रूम सोडतोय, पूर्ण सेटअप एकत्र विकायचा आहे.’ सोबत फोटो: टेबलावर लॅपटॉप, मागे मोठी स्क्रीन, पट्टीचा निळा उजेड, एका बाजूला हेडफोन लटकवलेला. भावाने मला फोटो पाठवला आणि खाली फक्त ‘ताई?’ एवढंच लिहिलं. लॅपटॉप ३१,०००, २४ इंची फुल एचडी मॉनिटर ७,५००, डॉक (लॅपटॉपला मॉनिटर वगैरे जोडायचा डबा) ३,२००, फाइल साठवायची दोन टीबीची एक्सटर्नल एसएसडी २,८००, कीबोर्ड-माऊस आणि स्टँड मिळून २,०००. बेरीज ४६,५००. सुटं विकणार नाही, घ्यायचं तर सगळं. हीच पहिली खूण होती. पण तेव्हा वाटलं, बिचाऱ्याला रूम रिकामी करायची घाई असेल.

‘जुनं घेतलंच कशाला?’ हे आतापर्यंत प्रत्येकाने विचारलंय. फी, डिपॉझिट, मेसचे पैसे भरून झाल्यावर सगळं नवीन घ्यायला ज्यांना परवडतं त्यांनी जरूर घ्यावं. आम्हाला परवडत नव्हतं. आणि मी डोळे मिटून उडी मारलेली नाही. व्हिडिओ कॉलवर लॅपटॉप चालू करून दाखवायला लावला. बॅटरीचा रिपोर्ट काढायला लावला. कॉलेजचं ओळखपत्र मागितलं, तर त्याने फोटो पाठवला. (ओळखपत्राचा फोटो म्हणजे पुरावा नव्हे. कोणाचंही ओळखपत्र कोणीही पाठवू शकतं. हे मला आता माहीत झालंय.) टोकन म्हणून ५,००० यूपीआयने पाठवले तेव्हा स्क्रीनवर भलतंच नाव दिसलं. विचारलं तर म्हणाला, ‘मामांचं खातं आहे ताई, माझ्या खात्याचं केवायसी अडकलंय.’ पैसे पाठवण्याआधी दिसणारं ते नाव उगाच दाखवत नाहीत. ते आणि समोरच्या माणसाचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. मामा असो, काका असो, कोणीही असो.

मुलांच्या हॉस्टेलमध्ये मला आत सोडत नाहीत, त्यामुळे व्यवहार गेटवरच झाला. आता वाटतं, त्याने ती जागा मुद्दाम निवडली असणार. गेटवर मॉनिटर लावणार कुठे? वॉचमनच्या केबिनमध्ये एकच सॉकेट होतं आणि त्यात पंखा लावलेला होता. मॉनिटरच्या काचेवर नव्या वस्तूसारखी प्लास्टिकची फिल्म होती, मागे चकचकीत स्टिकर. लॅपटॉप मात्र चालू करून अर्धा तास बघितला. सुरेख होता. कीबोर्ड घट्ट, बिजागऱ्या घट्ट, स्क्रीनवर एकही डाग नाही. झाकणाच्या कोपऱ्यात एक चौकोनी खरवडलेली जागा होती. कॉलेज फेस्टचा स्टिकर होता म्हणे.

आता तो क्षण, जो आठवला की अजूनही कानशिलं तापतात.

मी सेटिंग्जमध्ये जाऊन अपडेटचं पान उघडलं. वरती बारीक लाल अक्षरात एक ओळ होती: काही सेटिंग्ज तुमच्या संस्थेकडून नियंत्रित केल्या जातात. ही ओळ मी ओळखत नाही असं नाही. माझ्या ऑफिसच्या लॅपटॉपवर ती रोज असते, कारण तो ऑफिसचा आहे आणि आमच्या आयटीवाल्यांनी तो बांधून ठेवलाय. म्हणजे जगात ज्या बाईला त्या ओळीचा अर्थ कळायला हवा होता, ती मीच. मी विचारलंसुद्धा, ‘हे काय आहे?’ तो जराही न अडखळता म्हणाला, ‘कॉलेजचं वायफाय जोडलं की येतं ताई, सगळ्यांच्या लॅपटॉपवर असतं.’ भाऊ शेजारी उभा होता, तो म्हणाला, ‘असेल.’ अंधार पडत आला होता, मला परतीची गाडी होती. मी पान बंद केलं.

वायफाय जोडल्याने अशी ओळ येत नाही. ती येते कोणीतरी त्या मशीनवर धोरण, म्हणजे काय चालेल-काय नाही याचे नियम, लावलेलं असलं की. इथे अपडेट मुद्दाम बंद करून ठेवले होते. वर तो जाताना काळजीने सांगून गेला, ‘रीसेट मात्र करू नका हं, सगळी सॉफ्टवेअर टाकून दिलीत, उडतील.’ मला ते आपुलकीचं वाटलं! त्याला उरलेले ४१,५०० दिले. २०,००० यूपीआयने आणि २१,५०० रोख, कारण ‘यूपीआयची लिमिट संपली’. त्या रोख रकमेचा आज कागदावर कुठेही मागमूस नाही. रोख देऊ नका. द्यायचीच वेळ आली तर साध्या कागदावर का होईना, सही घ्या. सही द्यायला नाही म्हणाला तर त्याला त्याच्या वस्तूसकट वाटेला लावा.

पुढे काही आठवडे लॅपटॉप झकास चालला. मग सबमिशनच्या आदल्या रात्री तो अडकायला लागला, आणि रूममेटने सल्ला दिला की रीसेट मार. भावाने शहाणपणाने आधी सगळ्या फाइल त्या दोन टीबीच्या एसएसडीवर टाकल्या आणि मग रीसेट मारला. वायफाय जोडल्याबरोबर स्क्रीनवर एका कंपनीचं नाव आलं: स्वागत आहे, तुमचा ऑफिसचा ईमेल आणि पासवर्ड टाका. त्यापुढे काहीही नाही. मागे जाता येत नाही, टाळून पुढेही जाता येत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कंपन्या कर्मचाऱ्यांना लॅपटॉप देतात तेव्हा त्या मशीनची हार्डवेअरची ओळख आपल्या नावावर नोंदवून ठेवतात. विंडोजमध्ये याला ऑटोपायलट म्हणतात. ही नोंद लॅपटॉपमध्ये नसते, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. त्यामुळे विंडोज पुसून पुन्हा टाकलं तरी ती जात नाही. चोर काय करतो, इंटरनेट न जोडता विंडोज टाकतो, साधं खातं उघडतो, अपडेट बंद करतो आणि विकतो. लॅपटॉप छान चालतो. रीसेट करून नेट जोडलं की मालकाचं नाव वर येतं. म्हणून जुना लॅपटॉप घेताना विकणाऱ्याच्या समोर पूर्ण रीसेट मारायचा, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडायचं आणि डेस्कटॉप दिसेपर्यंत पैसे खिशातून काढायचे नाहीत. तास-दीड तास जातो. जाऊ दे. बायोसला (विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) पासवर्ड आहे का तेही बघायचं. आणि जो ‘रीसेट करू नका’ म्हणतो त्याला तिथूनच नमस्कार.

एसएसडीची कथा वेगळी. आत म्हणे ६४ जीबीचं मेमरी कार्ड होतं, आणि मशीनला दोन टीबी सांगणारी चिप. अशा वस्तूत ६४ जीबी भरेपर्यंत सगळं ठीक असतं. त्यापुढे फाइलची नावं यादीत दिसतात, आकार दिसतो, उघडायला गेलं की काही नाही. म्हणजे बॅकअप घेतला, रीसेट केला, आणि बॅकअप मुळात नव्हताच. अख्ख्या सेमिस्टरचे रिपोर्ट त्यात गेले. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून दाखवतं. नवी असो वा जुनी, त्यातून काढल्याशिवाय एकही महत्त्वाची फाइल टाकू नका.

मॉनिटर टेपने मोजला. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत, चौकट सोडून, २२ इंच. कुठल्या तरी ऑफिसातून भंगारात निघालेला, मागे फक्त व्हीजीए आणि डीव्हीआय हे जुने पोर्ट. एचडीएमआयचं कन्व्हर्टर लावून वर स्टिकर चिकटवलेला. रेझोल्यूशन १६८० बाय १०५०, फुल एचडी नाही. डॉकच्या एचडीएमआय पोर्टातून चित्र येतच नव्हतं. आम्ही इतके दिवस समजत होतो की लॅपटॉपच्या सी-टाइप पोर्टाचाच दोष असेल, कारण प्रत्येक सी-टाइप पोर्ट चित्र देतोच असं नसतं, काही नुसते चार्जिंग आणि डेटासाठी असतात. म्हणजे त्याच्या खोटेपणाला कारणंही आम्हीच शोधून देत होतो.

या सगळ्या सेटअपमध्ये खरी निघालेली एकच वस्तू, लॅपटॉप. आणि तीच विकणाऱ्याची नव्हती.

भाऊ मला सांगायला घाबरला. त्याने नेटवर ‘अनलॉक करून देतो’ वाला शोधला, ३,५०० पाठवले. त्या माणसाने ‘९० टक्के झालं’ असा स्क्रीनशॉट पाठवला आणि उरलेल्या १० टक्क्यांसाठी आणखी २,००० मागितले, तेव्हा याला कळलं. मी ओरडले. नंतर वाटलं, मी ४६,५०० घालवून बसलेय, मी कोणत्या तोंडाने ओरडते? अशी कंपनीची नोंद फक्त ती कंपनीच काढू शकते. बाकी सगळे तुमच्या घाबरण्यावर पैसे कमावतात.

आता मदतीसाठी ज्यांची दारं वाजवली त्यांच्याबद्दल.

बँकेने सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे, आम्ही काही करू शकत नाही. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं, तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य म्हणून. काउंटरवरच्या मॅडमनी ते माझ्यापेक्षा चांगलं वाचलेलं होतं. ते अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. फसवून तुमच्याच हाताने पैसे काढून घेतले तर ते त्यात बसत नाही. शिवाय आम्ही गेलो ते आठवडे उलटल्यावर, तोवर त्या ‘मामांच्या’ खात्यात काय राहणार? तुमच्या बाबतीत असं झालं आणि लगेच लक्षात आलं, तर कोणाचं तोंड बघत बसू नका, थेट सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर तो गोठवता येतो. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

पोलीस ठाण्यात आधी हद्दीचा घोळ. मी राहते एका ठाण्याच्या हद्दीत, व्यवहार झाला दुसऱ्या. दोन्हीकडचे एकमेकांकडे बोट दाखवणारे. मग ‘हा सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.’ मग ‘पावती दाखवा.’ अहो, पावती असती तर मी इथे आले असते का? शेवटी एका साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘म्हणजे चोरीचा लॅपटॉप तुमच्याकडे आहे तर?’ त्या एका वाक्यात मी तक्रारदाराची संशयित झाले. भाऊ पांढराफटक पडला. त्याला बाहेर नेऊन पाणी पाजलं आणि परत आत गेले, कारण आता तर लेखी देणं भागच होतं. जे घेतलं ते न कळता घेतलं, कळल्यावर स्वतःहून सांगायला आलो, हे कुठेतरी नोंदलं जायला हवं होतं. त्यांनी साधा अर्ज घेतला, एफआयआर नाही. पोच मागितली तर ‘कशाला पाहिजे?’ पोच घेतल्याशिवाय उठू नका. मी खुर्चीवर बसून राहिले, शिक्का मिळाला.

घरी येऊन वाचलं तेव्हा आणखी संताप आला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते. ठाण्याने नोंदवायला नकार दिला तर तीच माहिती लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ आहे. जुनं ४२० म्हणालात तर आतले लोक तुम्हालाच हसतात. मी रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवलाय. उत्तर नाही.

हॉस्टेलचे रेक्टर म्हणाले, व्यवहार गेटबाहेर झाला. ग्रुप तर त्यांच्याच मुलांचा होता ना! ॲडमिनने विकणाऱ्याला काढून टाकला आणि वर जाहिरातीचा मेसेजही सगळ्यांसाठी डिलीट केला. म्हणजे ग्रुपवर आमचा जो काही पुरावा होता तोही गेला. ग्रुपमधला नंबर, प्रोफाइलचा फोटो, मेसेज, सगळ्याचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी काढून ठेवा. जाहिरातीतला, भावाने मला पाठवलेला तो एक फोटो वाचला, बस.

सगळ्यात सभ्य वागली ती ज्यांचा लॅपटॉप होता ती कंपनी. खालचा सीरियल नंबर कळवला, त्यांनी दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला, लेखी पोच दिली, आणि लॅपटॉप घेऊन गेले. पोलिसांना आधी विचारलं होतं, पुरावा म्हणून जमा करून घेता का? ‘ठेवा तुमच्याकडे, लागला तर बोलावू’ असं उत्तर होतं.

भाऊ सध्या कॉलेजच्या लॅबमध्ये रिपोर्ट पुन्हा टाइप करतोय. आणि ती जाहिरात परत फिरतेय. माझ्या मैत्रिणीच्या पुतण्याच्या हॉस्टेल ग्रुपवर आली, दुसरं कॉलेज, दुसरा नंबर, ‘पास-आउट सीनियर’ तोच. फोटोही तोच आहे, निळा उजेड, लटकवलेला हेडफोन. नीट बघितलं तर मॉनिटरच्या खालच्या चौकटीवर डावीकडे एक चरा आहे आणि उजवीकडचा स्टिकर जरा तिरका बसलाय. तो मॉनिटर आता आमच्याकडे आहे, त्यामुळे त्याच्याकडे तरी नाही. या वेळी किंमत ४४,००० लावलीय. तुमच्या ग्रुपवर दिसला तर स्क्रीनशॉट आणि नंबर जपून ठेवा, आणि माझ्या अर्जासोबत जोडायला पाठवा.